दुसरा उकार

गूळ दीर्घ. ग ला दुसरा उकार. विभक्ती लागली की ऱ्हस्व होतो, गुळाचा, गुळात, गुळाने. पण नुसता असला की दीर्घ. तिळाबरोबर आला तरी दीर्घच, तिळगूळ. हे मला शाळेत बाईंनी पट्टीच्या धाकाने शिकवलं आणि पुढे पोटापाण्याला तेच कामी आलं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी क्वालिटीला आहे. औषधांची खोकी, आतली घडी घातलेली पत्रकं, बाटल्यांवरची लेबलं असं सगळं छापून आलं की आधी माझ्या टेबलावर येतं. माझी सही झाल्याशिवाय टेम्पोत काही चढत नाही. एक टिंब हललेलं दिसलं तर मी आख्खा लॉट थांबवते. मशीनवरची माणसं पाठीमागे मला 'भिंग' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

औषधाच्या खोक्यावर टिंब हलणं ही चेष्टा नाही. अर्ध्या गोळीच्या पाच गोळ्या होतात. तिथे माझं बरोबरच आहे, ते मी कोणालाही ठणकावून सांगेन. घोळ असा की संध्याकाळी घरी निघताना ते भिंग मी टेबलाच्या खणात ठेवून येत नाही. मुलुंडला माझ्याबरोबर तेही येतं. मग भेंडीचे काप लहानमोठे का झाले, सोसायटीच्या नोटिशीत 'पाणी पुरवठा' दोन शब्द का केलेत, दिराच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद' पहिल्या वेलांटीचा कसा काय आला, असं सुरू होतं. नवरा म्हणतो, "आपल्या घरात पोळीलासुद्धा पासिंग लागतं." सासूबाई एवढं लांबण लावत नाहीत. त्या फक्त "अति तिथे माती" म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

आणि लोक बेरकी असतात हो. त्यांना बरोबर कळतं कोणाला कुठे टोचायचं. "तुझ्याशिवाय नीट कोणी करत नाही गं," एवढं एक वाक्य माझ्यापुढे टाकलं की काम झालं. पत्रिका तपासून देते मी. मंडळाची अहवालपुस्तिका मीच. शेजारणीच्या मुलीचा प्रोजेक्ट, नणंदेच्या सोसायटीचा फलक, सगळं माझ्या गळ्यात. मी कुरकुरते, चिडते, घरच्यांच्या डोक्यावर मिरी वाटते आणि करते. नीट करते.

हे सगळं सांगायचं कारण माझी मैत्रीण. ती बी विंगमध्ये राहायची, मी ए विंगमध्ये. मुलीच्या बारशाची साडी फॉल लावायला घेऊन मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हापासूनची ओळख. आता माझी मुलगी नोकरीला लागलीय. मैत्रीण मूळची कुडाळकडची. लग्न होऊन मुंबईत आली ती थेट या सोसायटीत, आणि घरातच मशीन टाकून फॉल-पिको, ब्लाऊज अशी कामं करायची. मूलबाळ झालं नाही. ती, नवरा आणि मशीन. सोसायटीतल्या निम्म्या साड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील.

माझी साडी आली की मात्र ती कपाळाला हात लावायची. एकदा फॉलचा एक टाका उजव्या बाजूने दिसतोय म्हणून मी तिला सबंध फॉल उसवायला लावला होता. तिने उसवला, पुन्हा लावला आणि साडी माझ्या अंगावर फेकत म्हणाली, "काय गो, तुझ्या पायाकडे दुर्बीण घेऊन कोण बघतला?" मग दोघीही हसलो. तिच्याशी माझं असंच होतं. मला तोंडावर 'वेडी' म्हणणारी घराबाहेरची ती एकटीच.

मार्गशीर्षात तिचा नवरा गेला. सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले ते उठलेच नाहीत. भावोजी म्हणायचे मी त्यांना. कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. दोन दिवसांनी मी सासूबाईंबरोबर भेटायला गेले. घर बायकांनी भरलेलं. मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती, आणि मला बघितल्यावर ती रडली नाही, नुसती सरकली आणि शेजारी जागा केली. मी बसले. काय बोलावं ते सुचेना. माझ्या डोक्यात वाक्यं जुळत होती आणि मीच ती खोडत होते. हे फार पुस्तकी, हे फार कोरडं. शेवटपर्यंत एकही वाक्य पास झालं नाही.

निघताना माझ्या तोंडून गेलं, "येते गं."

अशा घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. उठायचं आणि गुपचूप निघायचं. हे मला काय माहीत नव्हतं? पण सवयीची जीभ. सगळ्या बायकांच्या माना वळल्या, सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मैत्रिणीने मात्र मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ये. खरंच ये."

मी गेले नाही. म्हणजे तेराव्याला गेले, वाढायला कमरेला पदर खोचून उभी राहिले, ते सोडा. तसं ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती ते संध्याकाळी चहाच्या वेळेला, पाय वर घेऊन बसायला ये, तसं.

का गेले नाही? वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगितलं. छापखान्यात ऑडिट होतं, ते खरं होतं. पत्रिका होती, मंडळाचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. पण दोन विंगांच्या मध्ये किती अंतर असतं? आमची दारंच काय ती वेगवेगळ्या बाजूंना, खिडक्या तर समोरासमोर. सासूबाई गुडघे दुखत असूनही एक दिवसाआड वाटीभर काहीतरी घेऊन तिकडे जायच्या, तिच्याबरोबर मालिका बघायच्या आणि परत यायच्या. "काय बोललात?" मी विचारायचे. "काय बोलायचं? ती सासू दुष्ट आहे म्हणाले त्या मालिकेतली," त्या म्हणायच्या. मला राग यायचा. माणूस दुःखात आहे आणि या मालिका काय बघतात! मी जाईन तेव्हा नीट जाईन. निवांत. रविवार मोकळा काढून. ती काय म्हणतेय ते सगळं ऐकून घेईन, तिला काहीतरी खरोखरीचं बोलता येईल अशी तयारी करून जाईन. असं उभ्या उभ्या जाणं मला बरं वाटेना.

उभ्या उभ्या जाणं तिला पुरलं असतं. पण हे मला तेव्हा कोण सांगणार? सासूबाई सांगत होत्या, पालथ्या घड्यावर पाणी.

तिच्यासाठी मी काहीच केलं नाही असंही नाही. म्हणजे मला तसं वाटत नव्हतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं, 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण.' माझी सटकली. आपल्यातलीच एक बाई समोरच्या विंगेत बसलीय आणि आपण हे लिहितो? मी लिहायला घेतलं. ऑफिसच्या बसमध्ये लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, शब्द काढले, घातले, पुन्हा काढले. तीन परिच्छेद झाले. 'सुवासिनींना' ऐवजी 'महिलांना' एवढाच बदल मागितला होता, पण काय मागितला होता! ग्रुपवर दोन दिवस रणकंदन झालं. "अगं तिचं वर्षसुद्धा झालं नाही, ती येणार आहे का?" असं कोणी म्हणालं. मी म्हटलं, येणं न येणं तिची मर्जी, बोलावणं आपलं काम. शेवटी शब्द बदलला. माझ्या मेसेजखाली बदामांची रांग लागली. झकास वाटलं मला, आठवडाभर ताठ मानेने फिरत होते.

नंतर गेटपाशी मैत्रीण भेटली तेव्हा म्हणाली, "माझ्यासाठी भांडलीस म्हणे. वाचलंय. किती छान लिवतंस गो तू." आणि मग, "घरी येत नाहीस पण."

"येणार आहे गं. हे हळदीकुंकू एकदा पार पडू दे. मग निवांत."

"ते राहू दे. रविवारी ये." तिने माझं मनगट धरलं. हात गार होता. "दादा येतोय गावावरून. मला न्यायला. एकटी कशाला राहतेस म्हणतो. मला जायचं नाही गो. माझं घर आहे, मशीन आहे, गिऱ्हाईक आहे. गावी मी कोण? वहिनीच्या घरातली पाव्हणी. पण तो थोरला, त्याच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. लहानपणापासूनच नाही. तू अकरा वाजता ये आणि नुसती बस."

"मी बोलते ना त्यांच्याशी. व्यवस्थित समजावून सांगते."

"नको नको. तू काही बोलू नको. बाजूला माझं माणूस बसलेलं असलं ना, की मला नाही म्हणता येईल. एवढंच."

"अकराला. नक्की," मी म्हटलं.

इतकं साधं काम मला त्या महिन्यात दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. सोफ्यावर बसायचं. पण त्या चार दिवसांत मी काय केलं असेल? मुद्दे काढले. एकट्या बाईने स्वतःचं घर का सोडू नये, गावी गेल्यावर काय काय होतं, भावाला राग न येता हे कसं मांडावं. ती 'बोलू नको' म्हणाली होती तरी. नुसतं बसणं हे काम असतं हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. ज्यात चूक काढता येत नाही ते काम कसलं?

हळदीकुंकू त्याच रविवारी, संध्याकाळी पाचला. सासूबाई संक्रांतीला ठाण्याला मुलीकडे गेल्या होत्या, नवरा आणि मुलगी बाहेर. वाणाची जबाबदारी अर्थातच माझी. स्टीलच्या छोट्या डब्या, आत तिळाच्या वड्या, झाकणाला रिबन आणि रिबनीला गोल चिठ्ठी. चिठ्ठ्या मंडळाच्या खजिनदारबाईंनी स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणल्या आणि रविवारी सकाळी नऊ वाजता पिशवी माझ्या दारात ठेवून त्या पार्लरला गेल्या. फक्त बांधायचं होतं. तासाभराचं काम. दहाला आटपून अंघोळ, अकराला बी विंग, असा माझा हिशेब.

पिशवी उघडली. पहिलीच चिठ्ठी. 'तिळगुळ घ्या, गोड गोड बोला.'

पहिला उकार!

मी खजिनदारबाईंना फोन लावला. डोक्याला मेंदी लावलेल्या अवस्थेत त्या म्हणाल्या, "अहो जाऊ दे ना, कोण बघणार आहे?"

या जगात मला पेटवायला एवढं एकच वाक्य पुरतं. कोण बघणार आहे. म्हणजे कोणी बघणार नसेल तर वाट्टेल ते करायचं का? मराठी बायकांचं मंडळ, मराठी सण, आणि गूळ ऱ्हस्व? उजेडासाठी मी टेबल खिडकीला लावलं आणि बसले. आधी काळ्या पेनाने पहिल्याचा दुसरा उकार करून बघितला. तो होत नाही. शेपूट उलट्या दिशेला असतं, त्यामुळे ग च्या पायात नुसता गोळा होतो. तीन-चार चिठ्ठ्या घाण झाल्या. मग कपाटातून कार्डपेपर काढला, वाटी ठेवून गोल आखले, कापले आणि एकेक चिठ्ठी हाताने लिहायला घेतली. माझं अक्षर चांगलं आहे. चांगलं आहे म्हणूनच वाट लागली. पहिल्या दहा झाल्यावर वाटलं, शिरोरेषा जरा तिरकी जातेय. पट्टी घेतली.

अकरा वाजले ते मला कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, गावाकडची माणसं, आधी चहा होईल, ख्यालीखुशाली होईल, लगेच थोडीच विषयाला हात घालतील. तोवर एवढ्या संपवते. साडेअकराला तिचा फोन आला. "निघालीस?"

"निघालेच," मी म्हटलं. मुंबईत 'निघालेच' म्हणजे काय असतं ते मुंबईत सगळ्यांना माहीत असतं. तिलाही असणार. "दहा मिनिटं."

"बरं. सावकाश ये," ती म्हणाली.

मी गेले तेव्हा दीड वाजून गेला होता. दार उघडंच होतं. भाऊ दिवाणावर डोळ्यांवर आडवा हात घेऊन झोपला होता, जेवण झालेलं. मैत्रीण मोरीत कढई घासत होती. मला बघून तिने नळ बंद केला.

"झालं गो," ती हळू आवाजात म्हणाली, भाऊ उठू नये म्हणून. "जातंय त्याच्याबरोबर. काही दिवस."

"अगं पण तू नाही म्हणणार होतीस!"

"म्हणाले. एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला जोर नाही आला."

मी तिथे उभी. माझे मुद्दे सगळे जागच्या जागी होते. क्रमाने. एकसुद्धा विसरले नव्हते. म्हटलं, मी बोलते, उठू देत त्यांना, अजून काही बिघडलं नाही. तिने नको म्हणून मान हलवली. तो वाईट माणूस नाही, तिला आनंदाने न्यायला आलाय, आणि आता ती हो म्हणून बसलीय. दिलेला शब्द फिरवला की भावाला आपण नकोसे झालो असं वाटेल. मला सगळं कळत होतं. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. बोटांना काळी शाई, अंगठ्याला डिंक आणि त्यावर चिकटलेला रिबनीचा लाल धागा. तिने काही विचारलं नाही. "हात धू आणि जेवून जा," म्हणाली. "कोलंबीचं कालवण आहे. थोडं गार झालंय."

मी जेवले नाही. तिच्यासमोर बसून जेवायचं तोंड मला नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, हे सांगताना माझी मलाच किळस येते, अजून काही डब्या बांधायच्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी हळदीकुंकू झालं. आमंत्रण 'सर्व महिलांना' होतं आणि जिच्यासाठी तो शब्द मी भांडून आणला ती आली नाही. डब्या वाटल्या. बायकांनी रिबनी ओढल्या, वड्या खाल्ल्या, चिठ्ठ्या सतरंजीवर पडल्या. सी विंगमधल्या एक निवृत्त मराठीच्या बाई आहेत, त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "वा! तिळगूळ बरोबर लिहिलंय हो कोणीतरी!" मला आनंद झाला. त्या क्षणी, त्या दिवशी, मला आनंद झाला. देवाशपथ, असं माझं मन आहे.

पुढच्या आठवड्यात ती गेली. सामान बांधायला मी रजा टाकून गेले. आता रजा मिळाली. भांडी कागदात गुंडाळली, खोक्यांवर मोठ्या अक्षरात काय काय आहे ते लिहिलं. ती म्हणाली, "काय पद्धतशीर बांधलंस गो, गावात कोणी बघितलं नसेल असं." मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मशीन ती ठेवून गेली, काही दिवसांनी यायचंच आहे म्हणून.

'काही दिवस' संपले नाहीत. फोन होतो आमचा. ती कधी रडगाणं गात नाही. भाऊ जपतो, वहिनी चांगली आहे, भाचरं आत्ये आत्ये करतात. एकदाच बोलता बोलता म्हणाली, "इथे स्वयंपाकघरात मला डबे सापडत नाहीत अजून. विचारून घ्यावं लागतं साखर कुठे, हळद कुठे. माझ्या घरात मी अंधारात चहा करायचे." मी म्हटलं, सापडतील हळूहळू. तिच्या जागी मी असते तर मी माझ्याशी बोलले नसते. एकदा धीर करून विचारलंही, "माझ्यावर रागावलीयेस ना?" ती म्हणाली, "वेडी आहेस काय? तुला कामं किती असतात."

मी मंडळ सोडलं. पत्रिका तपासायला आलेल्या चुलत दिराला सरळ सांगितलं, जमणार नाही. घरात सगळे आ वासून बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता गं कशी अक्कल आली?" हो, आली. वरातीमागून घोडं. आणि आली म्हणजे तरी काय? परवा सोसायटीच्या नोटिशीत 'विद्युत' दीर्घ लिहिलेला दिसला तर पर्समधून पेन काढलंच मी. काढलं आणि तशीच उभी राहिले. एकटीच, लिफ्टसमोर, पेन उघडं. शेवटी दुरुस्त केलं. दोन सेकंदांचं काम होतं. पण या दोन-दोन सेकंदांनीच माझं आयुष्य गिळलंय असं वाटून घरी आले आणि विनाकारण लेकीवर खेकसले.

जूनमध्ये तिचा भाऊ एकटा आला. जागा भाड्याने द्यायची ठरली होती. टेम्पो बोलावला होता, कपाट आणि शिलाई मशीन न्यायला. मी वरून बघितलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून उतरले. हात न धुता गेले मी त्या दिवशी. माणूस साधा, घामाने निथळलेला. मी पाणी दिलं, म्हटलं, "दादा, चहा घेऊन जा." मशीन दोघा हमालांनी जिन्यातून खाली आणलं. तोवर आम्ही तिच्या रिकाम्या खोलीत उभे होतो, खिडकीपाशी.

"तिका करमत नाय थय," तो एकदम म्हणाला. "माका कळता. पण हय एकटीक कशी ठेवू? त्या दिवशी मी तिका इचारलंय, बाय गो, हय तुजा कोण आसा? कोण आसात तर सांग, मी जातंय गप."

मी हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढायला लागले.

"तिना बोट दाखवल्यान. थय." त्याने खिडकीतून समोर हात केला. ए विंग. माझं घर. "तुमी बसलेलात टेबलार. मान खाली घालून कायतरी लिवत होतात. म्हणाली, ती माझी मैत्रीण, ती येतली आता, मगे बोलूया. आमी थांबलो. जेवण गार झाला. मी म्हटलंय, हाक मारू काय खिडकीतसून? तर माका म्हणता कशी, नको दादा, तिचा कायतरी महत्त्वाचा काम असतला, संपला की येतली. दोघा बघीत बसलो तुमका. मगे ती उठली आणि म्हणाली, येतंय मी गावाक."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. भावाने रुमालाने मान पुसली आणि अगदी सहज, चौकशी करावी तसं विचारलं,

"कसला काम होता ता?"

माझ्या जिभेवर शब्द होता. एका अक्षराचं, एका उकाराचं उत्तर होतं. ते त्या माणसाला सांगणं मला जमलं नाही.

"ऑफिसचं," मी म्हटलं.

"मगे बरोबर आसा," तो म्हणाला. "ऑफिसच्या कामाक कोण काय करतला?" आणि मला नमस्कार करून तो तिचं दार ओढून घ्यायला लागला.